बिनमिठाचे पापड

आत्याला मिठाबरोबर खारही बंद, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

तेव्हा मी लोणारला शाळेत मास्तर होतो आणि शनिवारी एस.टी.नं दुसरबीडला घरी यायचो. मला लहानाचं मोठं केलं ते माझ्या विधवा आत्यानं. साठी ओलांडल्यावर तिला चक्कर यायला लागली, म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "आजी, मीठ बंद." ती बाहेर जाऊन चपला शोधत होती, तेव्हा मला म्हणाले, "पापडखार, खायचा सोडा, तेही नको. मिठाचेच भाऊबंद ते."

काशीला जाऊन लोक वांगं सोडतात, तसं आत्यानं मीठ सोडलं. शेजारणींना सांगून, कायमचं. महिनाभर ती फिक्या वरणात भाकरी बुडवून गिळत राहिली. मग एका शनिवारी तिनं माझ्यापुढे भाजलेला पापड ठेवला.

"खाय बे मास्तर. मीठ नाही याच्यात. नुसता खार टाकला, दुप्पट."

"आत्या, खार..."

"खार म्हंजे का मीठ व्हय? पोरं शिकवतं अन् इतकं समजत नाही तुले?"

आणि हसली. महिन्यानं हसली. मी पापड मोडला. चांगला झाला होता, खरं सांगतो.

"पुढच्या खेपेले लोणारहून खार आणजो."

आणला. वर्षभर आणत राहिलो.

मग एका सकाळी तिचा उजवा हात लुळा पडला. खारानंच पडला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही. खाटेशी बसलो होतो, तर तीच मला समजावायला लागली.

"कायले रडतं बे? माहंच चुकलं. शेजारच्या बारशाले मूठभर घुगऱ्या खाल्ल्या म्या, मिठाच्या. नेम मोडला ना."

मी मान हलवली. हो म्हणून.

आता ती ऐंशीच्या घरात आहे. डाव्या हातानं मला वाढते, कमी खाल्लं तर रागावते. बारशाचं बोलावणं आलं की मात्र दारातूनच नाही म्हणते. घुगऱ्यांचं नाव काढू देत नाही.

मूठभर घुगऱ्यांनी हात जात नाही. खार मी आणत होतो, आणि मला माहीत होतं. एवढं आत्याला सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.