ओवलेली बटणं

मेघाचा फोन सकाळी पावणेसातला आला. मी नांदगाव पेठेला, शर्टांच्या कारखान्यात जायला निघालो होतो, एक पाय बुटात होता. “मामा, आई गेली,” एवढंच ती बोलली. मोठी बहीण गेल्यावर माणसाला काय वाटायला हवं ते मला ठाऊक आहे. मला आधी जे वाटलं, ते मात्र आज सव्वा महिन्याने पहिल्यांदा कबूल करतो आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. चला, म्हणजे मरण तिचं होतं, तिने ओवलेली ती बटणं माझ्या मरणाची नव्हती…

शकूताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन अकोल्याला गेली आणि भाऊजींच्या मागेही जठारपेठेतल्या त्याच घरात, मुलीसोबत, मेघासोबत राहिली. आई गेल्यावर आमच्या घरचा बटणांचा डबा तिच्याकडे गेला. डबा पत्र्याचा, झाकण नाण्याने उचकटावं लागायचं. फाटक्या कपड्यांची, नव्या शर्टासोबत आलेली जादा बटणं त्यात सुटी पडायची. कुणाचं तुटलं की त्यातूनच जोड शोधायची. पण घरातलं माणूस गेलं की त्याचे कपडे देऊन टाकण्याआधी बटणं कापून घ्यायची, दोऱ्यात ओवायची आणि गाठ मारायची. ती मग कुणाला लावायची नाहीत. बाबांच्या कोटाची काळी, आजोबांच्या सदऱ्याची शिंपल्याची, भाऊजींच्या स्वेटरची चॉकलेटी. सुटी जितेपणीची, ओवलेली गेलेल्यांची. लहानपणी मी त्या माळांना हात लावत नसे. ताई मुद्दाम एखादी माझ्या मानेवर टेकवायची आणि मी किंचाळलो की हसायची. “काहून भेतं रे दिल्या? आपलेच तं लोकं आहेत.”

पुढे मी शर्ट तपासण्याच्याच नोकरीला लागलो. आतल्या शिवणीला जादा बटण लावलंय की नाही, हे दिवसभर पाहायचं. ताईला याची गंमत वाटायची. “तुह्या कारखान्यात पोत्यानं बटणं, अन् बहिणीले चार आणता येत नाहीत तुले?” मग मी वाया गेलेली पिशवीभर बटणं घेऊन जायचो आणि ती दुपारभर निवडत बसायची. हळूहळू माझं जाणं कमी झालं. कारण काही नाही. अमरावतीहून अकोला काही लांब नाही. होत नव्हतं, एवढंच. गेल्याच्या आधीच्या वर्षी तर भाऊबीजही चुकवली.

गेल्या भाऊबीजेला गेलो तेव्हा मनगटाचं बटण तुटलं होतं. ताई समोर शांत बसलेली. थकली असेल असं मला वाटलं. मीच डबा काढला. वरच एक नवी माळ होती. सात बटणं, फिकट निळी, कडेला गडद रेघ. आमच्याच कारखान्यातला माल, माझ्याच जुन्या शर्टाचा. कॉलर विरली म्हणून तो शर्ट मी तिच्याकडेच टाकून आलो होतो.

“ताई, हे कोणाचे?”

तिने माळ हातात घेतली, अंगठ्याने पुसली. “आमच्या दिल्याचे,” ती म्हणाली. “लय लवकर गेला.” आणि मग माझ्याकडे पाहून, पाहुण्याशी बोलावं तसं, “तुमी चकली घ्या ना. संकोच काहून करता?”

मी ओरडलो. “मी जित्ता आहो ना ताई! हा काय समोर बसलो!” ती भिंतीला चिकटली. दोन्ही हात तोंडापुढे धरले, मी मारणार असल्यासारखे. मेघा स्वयंपाकघरातून धावत आली. ओवाळून घ्यायला मी थांबलो नाही. अमरावतीच्या गाडीत पूर्ण वेळ उजवा हात छातीवर होता. दुसऱ्या दिवशी कार्डियोग्राम काढला, तो चांगला आला. तरी झोप लागेना. जित्या माणसाची बटणं ताई चुकूनही ओवायची नाही, हे डोक्यातून जाईना.

मेघा फोन करायची. “मामा, विसरायचा आजार आहे म्हणते डॉक्टर. तुमी आले तं बरं वाटंन तिले.” मी शिफ्ट सांगितली, गुडघा सांगितला. खरं कारण बायकोलाही सांगितलं नाही. ती पुन्हा तेच बोलेल आणि या खेपेला ते खरं होईल, या भीतीने मी सात महिने गेलो नाही. मध्ये एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला अकोल्यात होतो. ऑटो जठारपेठेकडे वळू लागला तेव्हा मी ड्रायव्हरला म्हणालो, “भाऊ, दुसऱ्या रस्त्यानं घ्या.”

दहाव्यानंतर ताईचे कपडे काढले. ब्लाउजांना हुक. बटणं फक्त एका मरून स्वेटरला. मेघाने कात्री माझ्यापुढे धरली. ती न घेता मी हे सगळं तिला सांगून टाकलं, ऑटोसकट. तिने स्वेटरच्या बाह्या सरळ केल्या.

“मामा, तुमचे बटणं तिनं तवाच काढले होते,” ती म्हणाली. “तुमी आले नाही त्या भाऊबीजेले. ताट करून बसली होती संध्याकाळपरेंत. मी म्हणलं, मामा अमरावतीले आहे, मजेत आहे. तं म्हणे, खोटं काहून सांगतं? असता तं आला नसता का?”

मी ज्याला माझ्या मरणाचा इशारा समजून पळालो, तो तिने आधीच लावलेला हिशेब होता. आणि मी पळालो, म्हणजे तिचंच खरं केलं.

स्वेटरची पाच बटणं मेघानेच कापली, तिनेच ओवली. डबा आता माझ्याकडे, अमरावतीला, कपाटावर आहे. “तुमचा दोरा तोडून टाका मामा, अपशकुन नको,” असं मी निघताना तिने बजावलं होतं. कात्री दोनदा घेतली. दोन्ही वेळा गाठीजवळ नेऊन परत ठेवली… मरणाच्या भीतीने नाही, एवढं आता कळतं. दोरा तुटेल, बटणं सुटी होतील. पण मी आहे, हे मग सांगायचं कुणाला?