पासंग

बाजारात त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'काटा'. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं. एकतीस वर्षं त्यांनी वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यात काढली. लोखंडाचं वजन फरशीवर टेकवलं की नुसत्या आवाजावरून सांगायचे, "आतून पोखरलंय." फोडून बघितलं की पोखरलेलंच निघायचं. तराजूचं एक पारडं हलकं असलं तर काही दुकानदार त्याच्या खाली मेणाचा गोळा नाहीतर खडा चिकटवून काटा मध्यावर आणतात. त्याला पासंग म्हणतात. पासंग शोधण्यात साहेबांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"तराजू वाकडा असला तर एक वेळ परवडतं," ते म्हणत. "वाकडा आहे हे दिसतं तरी. पासंग लावलेला तराजू सरळ दिसतो. ती खरी लबाडी."

असा माणूस निवृत्तीनंतर जुनी गाडी विकायला निघाला.

गाडी एकोणीस वर्षांची, पहिल्यापासून एकाच हातची. विकायचा विषय काढला त्यांच्या पत्नीने. तिला सगळे बाई म्हणत, कारण तिने बरीच वर्षं शाळेत शिकवलं होतं.

"माझे गुडघे त्या बसक्या सीटवरून उठत नाहीत आता," बाई म्हणाल्या. "आणि आपल्याला जायचं तरी कुठे असतं?"

बाई हे खणखणीत आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज हल्ली तसाच झाला होता. साहेबांना वाटे, शाळेची सवय.

साहेबांना गाडी चालवायला अजून आवडायचं. उलट अलीकडे जास्तच सुख वाटायचं. "लोक सुधारले गं," ते म्हणायचे. "पूर्वी किती हॉर्न मारायचे. आता बघ, कसं शांत असतं रस्त्यावर." बाई शेजारच्या सीटवर बसून आरशात बघत राहायच्या, आणि मागून कोणी घाईने आलं की साहेबांच्या दंडाला हात लावून म्हणायच्या, "डावीकडे घ्या जरा."

पण गुडघ्यांपुढे साहेबांचं काही चालेना. त्यांनी पुठ्ठ्याचं कार्ड कापलं आणि पट्टीने ओळी आखून मजकूर लिहिला:

'गाडी विकणे आहे. वय एकोणीस वर्षे. मालक एकच. पुढचं बंपर बदललेलं आहे. मागच्या डाव्या दाराला पोचा आहे, चूक माझी. उजवी काच वर करताना हाताने आधार द्यावा लागतो. हीटर चालत नाही. इंजिन उत्तम, कसलाही आवाज नाही. वरील सर्व मी स्वतः तपासले आहे.'

खाली सही. कार्ड त्यांनी बाईंकडे तपासायला दिलं. बाईंनी 'कसलाही'मधला 'ही' दीर्घ केला. त्याच ओळीवर त्यांचं पेन जरा वेळ अडलं. मग टोपण लावून त्यांनी कार्ड परत दिलं.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने गाडीच्या मागच्या काचेला लावलेलं कार्ड वाचलं आणि रस्त्यातूनच विचारलं, "साहेब, ही जाहिरात आहे की कबुलीजबाब?"

"ज्याला घ्यायची त्याने डोळे उघडे ठेवून घ्यावी," साहेब म्हणाले. त्यांना किमतीची फिकीर नव्हती. फिकीर होती ती एकाच गोष्टीची. आपल्या सहीखाली गेलेली वस्तू सांगितली तशीच निघायला हवी. आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं तपासून झाल्यावर आपलंच वजन कमी भरलं, असं कोणी म्हणायला नको.

रविवारी सकाळी एक परिचारिका आली. तिशीची, केस घट्ट बांधलेले, खांद्याला मोठी पिशवी. ती एका दवाखान्यातर्फे आजारी माणसांच्या घरोघरी जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलायची आणि इंजेक्शनं द्यायची. दोन दोन बस बदलून जीव मेटाकुटीला आला होता. सोबत तिचे मामा होते. ते शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. अंगाने किरकोळ, चष्मा गळ्यात दोरीने लटकवलेला.

"काका, मी कार्ड वाचूनच आले," ती म्हणाली. "सगळे लिहितात, गाडी एकदम टकाटक. दाराचा पोचा कोणी लिहीत नाही."

साहेब खूश झाले. त्यांनी पोचा दाखवला, काच वर करून दाखवली, आणि किल्ली फिरवली. मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मान तिरकी केली.

"बंद करा. परत लावा."

साहेबांनी परत लावली.

"हे काय वाजतंय?" मामांनी विचारलं.

"इंजिन."

"इंजिन नाही हो. हे, बारीक. चीं चीं चालू आहे ते."

"कसलाही आवाज नाही," साहेब म्हणाले. इंजिनाची घुमदार घरघर त्यांना स्वच्छ ऐकू येत होती आणि तिच्यात खोट नव्हती.

"साहेब, माझा जन्म मशिनी ऐकण्यात गेला. तेल कुठे कमी पडलंय ते मी दारातून सांगतो. ही तर रस्त्यापलीकडून ओरडतेय."

साहेबांनी मग साक्षीदार बोलावला. दारात उभ्या असलेल्या बाईंकडे वळून ते म्हणाले, "तू सांग गं. काही वाजतंय?"

बाईंनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. "मला काय गाडीतलं कळतंय," असं म्हणून त्या आत गेल्या.

मामांनी चष्मा गळ्यात सोडला. "चल गं," ते भाचीला म्हणाले, आणि हे साहेबांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पोचा दाखवायचा, माणूस प्रामाणिक वाटतो. आणि त्या पोच्याआडून इंजिन खपवायचं. जुनी युक्ती आहे."

परिचारिका थांबली. तिला राग आला नव्हता, ती ओशाळली होती. "काका, लोक अंथरुणावर माझी वाट बघत असतात. गाडी रस्त्यात बसली तर मी त्यांना काय सांगू?" एवढं बोलून तीही गेली.

साहेब गाडीत तसेच बसून राहिले. त्यांना आजवर पुष्कळांनी शिव्या दिल्या होत्या, एकदा एका किराणावाल्याने माप फेकून मारलं होतं. पण पासंग लावलास, असं कोणी म्हटलं नव्हतं. बाईंना न सांगताच त्यांनी गाडी मिस्त्रीच्या गॅरेजवर नेली. त्या शिलाई मशिनवाल्याला खोटं पाडायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक पाण्याच्या पंपावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतो तसं.

"पंपाचं बेअरिंग गेलंय. कधीपासून वाजतंय हे?"

"वाजत नाही," साहेब म्हणाले.

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.

साहेबांनी मूठ कानाला लावली. घुमदार घरघर, बाकी काही नाही. पण पंजाला काहीतरी लागत होतं. मुठीत भुंगा धरावा तशी बारीक, न थांबणारी थरथर. त्यांनी टोक उचलून इंजिनावर दुसरीकडे टेकवलं. थरथर गेली. परत पंपावर आणलं. आली. वजन तपासताना ते तीनदा तपासायचे, तसं तीनदा करून पाहिलं. हाताला तिन्ही वेळा कळलं. कानाला एकदाही नाही.

"ऐकलंत ना?" मिस्त्रीने विचारलं.

"हो," साहेब म्हणाले.

ते गॅरेजच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथून परत आले. "नाही ऐकलं मी. हाताला कळलं फक्त."

मिस्त्री हात पुसत होता. त्याने फार मनावर घेतलं नाही. "वडिलांचंही तसंच झालं होतं. ढोल ऐकू यायचा, चिमणी नाही. बारीक आवाज आधी जातात. गाडी ठेवून जा, परवा देतो."

साहेब चालत घरी निघाले. चालता चालता एकेक गोष्ट मनात येऊन आपापल्या जागी बसू लागली. दारावरची जुनी घंटा काढून बाईंनी ती मोठी, कर्कश घंटा का बसवली. फोन नेहमी त्याच का उचलतात. पत्ते खेळताना त्या मुद्दाम समोरच का बसतात. आणि लोक. लोक काही सुधारले नव्हते. हॉर्न मारतच होते बिचारे.

बाई स्वयंपाकघरात होत्या. साहेब दारात उभे राहिले.

"किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं.

कशाला, असं बाईंनी विचारलं नाही. "तीन. चौथं चालू आहे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू आलं नाही."

आधी हसू फुटलं ते बाईंनाच, पण ते टिकलं नाही. पदराने डोळे टिपून त्या बसल्या.

"पहिल्या वर्षी म्हटलं होतं, कान दाखवून या. तुम्ही दोन दिवस अबोला धरलात. म्हणालात, ज्या कानाने पोखरलेली वजनं धरली त्याला काय झालंय. मग मी आवाज चढवला. सोपं पडलं."

"म्हणजे मी हलका होत गेलो आणि तू खडा बांधत गेलीस."

"काटा मध्यावर दिसत होता ना," बाई म्हणाल्या. "तेवढंच बघितलं मी."

"आणि गुडघे?"

"गुडघे दुखतातच. पण गाडी विकून टाका म्हटलं ते गुडघ्यांसाठी नाही. गेल्या महिन्यात त्या रुग्णवाहिकेला तुम्ही वाट दिली नाहीत. मी हात ओढला तेव्हा दिलीत. आत कोण होतं, वेळेत पोचलं की नाही, देव जाणे. त्या दिवसापासून हात जोडायला बसले की तेच मनात येतं. आणि कार्डावरच्या त्या ओळीवर पेन टेकलं होतं माझं. ऱ्हस्व-दीर्घ बघितलं आणि खोटं तसंच ठेवलं. आज त्या मुलीसमोर तुम्हाला लबाड ठरू दिलं. हे पाप माझ्याकडे."

साहेबांनी खुर्ची ओढली. देव माणसाला जे देतो ते मोजून देतो आणि परत नेतानाही मोजूनच नेतो, फक्त पावती देत नाही. पावती मागायची तर ती अशी, जुन्या गाडीच्या पंपावर मिळते.

"वाटून घेऊ," ते म्हणाले. "अबोला मी धरला होता."

गाडी तिसऱ्या दिवशी मिळाली. साहेबांनी ती चालवली नाही. मिस्त्रीनेच ती घरी आणून सोडली. मग किल्ली साहेबांनी फिरवली आणि बाई बॉनेटजवळ उभ्या राहिल्या.

"गेला?"

बाईंनी या वेळी घाई केली नाही. "चीं चीं गेली. पण दुसरं काहीतरी किटकिटतंय, सावकाश."

मिस्त्री आला तसाच वाकला आणि एक सैल पट्टी आवळून दिली. "काकू, कान पक्का आहे तुमचा."

साहेबांनी नवीन कार्ड कापलं. पहिल्या कार्डावरचं सगळं तसंच उतरवलं, फक्त इंजिनाची ओळ बदलली: 'पाण्याचा पंप नवीन. आवाजाबद्दल मालकास विचारू नये, त्यास ऐकू येत नाही. पत्नीस विचारावे.'

कार्ड काचेला लावण्याआधी ते खिशात घालून दोघं बसने परिचारिकेच्या दवाखान्यात गेली. ती औषधांच्या कपाटापुढे उभी होती. साहेबांनी कार्ड तिच्यापुढे धरलं. तिचं वाचून होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"तुझे मामा म्हणाले ते बरोबर होतं," ते म्हणाले. "आवाज होता. मी लिहिलं ते चुकीचं होतं. लबाडी नव्हती, पण चुकीचं होतं. माझे कान गेलेत."

हे शेवटचे तीन शब्द ते प्रथमच मोठ्याने बोलत होते. खोलीत कोणाला काही झालं नाही. बाकावरच्या एका आजोबांनी जांभई दिली.

परिचारिकेने कार्ड खाली ठेवलं. "दोन्ही की एक?"

"ते माहीत नाही."

"मळ साठलाय का बघितलं कोणी? आधी ते बघायचं. मग तपासणी, मग यंत्र. यंत्राला लाजायचं नाही, काका. चष्मा लावताच ना?" तिने कागदावर कानाच्या डॉक्टरांचा वार आणि वेळ लिहून तो बाईंच्या हातात दिला. मग म्हणाली, "रविवारी मामांना घेऊन येते परत."

मामा आले. या वेळी त्यांनी गाडीला तीन फेऱ्या मारल्या, डोळे मिटून ऐकलं आणि साहेबांकडे न बघता म्हणाले, "आता बरी आहे." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मी त्या दिवशी जरा जास्त बोललो."

"काय?" साहेबांनी विचारलं.

मामांना ते परत म्हणावं लागलं, आणि मोठ्याने. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानेही ते ऐकलं.

"चढावर काही वाजते का, काकू?" परिचारिकेने विचारलं.

"तिसऱ्या गिअरवर थोडी कुरकुरते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यावर टाकलीस की गप्प. आणि पावसात डाव्या वायपरला दोनदा सांगावं लागतं."

मामांनी हनुवटी खाजवून एक आकडा सांगितला. साहेबांनी तो मान्य केला. घासाघीस त्यांना कधी जमली नव्हती. कागदावर सह्या झाल्या, किल्ली गेली. परिचारिकेने पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, जिथे बाई बसत, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

साहेब रिकाम्या शेडमध्ये उगाच जरा उभे राहिले. फरशीवर तेलाचा एक जुना डाग होता, तो त्यांनी चपलेने घासून पाहिला. मग आत आले आणि वर्तमानपत्र उघडलं. स्वयंपाकघरातून बाई काहीतरी म्हणाल्या. त्या आपल्या मूळच्या, खालच्या आवाजात बोलल्या, लग्नानंतर कितीतरी वर्षं बोलत होत्या तशा. साहेबांना नुसती कुजबुज ऐकू आल्यासारखी वाटली.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि बाईंच्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय म्हणालीस?"