सात वाजता कोको

साव-कुन माझ्या खालच्या मजल्यावर राहते. मकावच्या एका कॅसिनोत एकोणतीस वर्षं ती बाकाराच्या टेबलावर पत्ते वाटते आहे, आणि तेवढ्या वर्षांत स्वतःसाठी तिने एकदाही पत्ता उलटलेला नाही. हे ती अभिमानाने सांगत नाही. दिवसभर चुलीपुढे उभी राहिलेली आचारीण घरी आल्यावर भूक नाही म्हणते, तसं सांगते.

म्हणून मागच्या मार्चमध्ये एका सकाळी पाव घेऊन तिच्याकडे गेले, आणि तिच्या हातातल्या फोनवर हिरवं टेबल दिसलं, तेव्हा मी दारातच थांबले.

"आत या ना, आचे. चोर पकडल्यासारख्या काय उभ्या आहात?" मी तिच्याहून सतरा वर्षांनी मोठी. आचे म्हणजे थोरली बहीण, ती मला पहिल्यापासून तसंच म्हणते.

"तू खेळतेस?"

"मी बघते."

"आणि बघायला पैसे लावावे लागतात?"

"लागतात. तीन डाव काही लावलं नाही की टेबलावरून उठवतात. फुकट बसायला ते काय चर्चचं बाक आहे?"

मी चष्मा लावला. फोनमध्ये लाल झग्यातली एक मुलगी पत्ते वाटत होती. छातीवर नावाची पट्टी होती, कोको. केस पिंगट रंगवलेले, पापण्या खोट्या. मी ओळखलं ते हनुवटीवरून. ही ची-येंग, साव-कुनची मुलगी. चौथ्या वर्षी माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून ही पोर्तुगीज अक्षरं गिरवायची आणि अक्षरागणिक एक बिस्किट वसूल करायची.

"कुठे आहे ती?"

"मनिलात. कामावरच्या एकीने सांगितलं, तुझी पोर फोनमध्ये दिसते, रोज सकाळी सातला, अर्धा तास. नाव कोको लावलंय." साव-कुनने पावाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "नाव तरी धड लावायचं. कुत्र्याला ठेवतात असलं नाव."

साव-कुनने मुलीचा आवाज वीस महिन्यांत ऐकला नव्हता. त्यामागे काय होतं ते सांगायला हवं.

तिचा नवरा आ-फाय बस चालवायचा. जूनअखेरच्या सांज जाँवच्या सणाच्या आदल्या दिवशी त्याला अर्धांगाचा झटका आला. सातआठ दिवसांत तो सावरत होता. इस्पितळातून साव-कुनला कामावर रोज निरोप यायचा, कधी मोजे हवेत, कधी पेज पातळ झाली. पत्ते वाटणाऱ्या डीलरचा फोन कामावर कपाटात कुलूपबंद असतो, निरोप सांगतो तो वरचा साहेब. त्या दुपारी साहेब येऊन म्हणाला, "इस्पितळातून फोन आहे. बदली देऊ?"

समोर एक माणूस बसला होता. बाकारात बँकर आणि प्लेयर अशा दोन बाजू, त्यातली त्याने पैसे लावलेली बँकरची बाजू सलग नऊ वेळा जिंकली होती. अशा वेळी डीलर बदलला तर नशीब फिरतं असं सगळे खेळणारे मानतात, आणि खरं सांगायचं तर डीलरही मानतात. माणूस आरडाओरडा करतो, तक्रार जाते. पत्त्यांची पेटी संपायला पंधरा-वीस डाव राहिले होते. साव-कुन म्हणाली, "पेटी संपवून जाते."

ती पोचली तेव्हा आ-फायच्या पलंगावरची चादर काढून झाली होती. ची-येंग खुर्चीवर एकटी बसली होती, वडिलांचे मोजे हातात घेऊन.

"तुला त्या माणसाचा डाव मोडवला नाही," एवढंच ती म्हणाली; आई का येत नाही ते साहेबाने तिला फोनवर सांगितलं होतं. मग एकोणपन्नास दिवसांचं सुतक एकाच घरात राहून एकही शब्द न बोलता पाळलं, आणि पन्नासाव्या दिवशी बॅग भरली. जाताना माझ्या दारावर थाप मारून म्हणाली, "दोना लिदिया, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांकडे लक्ष ठेवा." आईला मात्र काही म्हणाली नाही.

आणि ही मुलगी तिकडे जाऊन डीलरच झाली. साव-कुनला याचं नवल वाटत नव्हतं. "दुसरं येतंय काय तिला? मी तेच शिकवलं."

ते खरं होतं. इतर मुलं पाढे पाठ करत, तेव्हा ही स्वयंपाकघरात जुन्या पत्त्यांवर बाकाराचे नियम घोकायची. बँकरने तिसरा पत्ता कधी घ्यायचा, कधी नाही, हे त्या खेळात अवघड. त्यातही एक खाच आहे. बँकरच्या पत्त्यांची बेरीज तीन असली तर तो पत्ता घेतो, मात्र प्लेयरचा तिसरा पत्ता अठ्ठी आली असेल तर घेत नाही. नवीन डीलर हमखास तिथे घसरतात. साव-कुनने पोरीला ते लाटण्याने ठेका धरून शिकवलं होतं, "अठ्ठी आली, तीनने गप्प बसायचं." वरच्या मजल्यावर मला ऐकू यायचं. मी आयुष्यात जुगाराच्या टेबलाशी बसले नाही, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आमच्या मनात ती धास्ती पक्की बसवली होती, पण तो नियम मला आजही पाठ आहे.

तर मार्चपासून मी रोज पावणेसातला खाली जाऊ लागले. साव-कुनची पाळी दुपारची, त्यामुळे सकाळ मोकळी. ती पेज करायची, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची. सर्वांत लहान रक्कम, कधी या बाजूला कधी त्या, न बघताच लावायची. तिचे डोळे कोकोवर.

"मनगट बघा, आचे. माझं मनगट आहे ते." किंवा, "हसते किती! आम्हाला कोणी हसायला सांगितलं नव्हतं. आम्ही हसलो तर गिऱ्हाईक म्हणायचं, माझ्या हरण्यावर हसतेस होय."

"कोणाकडे बघून हसते ती?"

"कोणाकडे नाही. समोर कॅमेरा, मागे पुठ्ठ्याची भिंत. हजारभर माणसं खेळत असतील, पण तिला एकसुद्धा दिसत नाही." मग म्हणाली, "आमच्याकडे निदान शिव्या द्यायला तरी माणसं होती. पत्ता कोपऱ्याकोपऱ्याने उचलायचे, दुमडायचे, फुंकर मारायचे, जशी काही बदामं फुंकरीने उडणार आहेत. एका म्हातारीने फुंकताना कवळी टाकली होती टेबलावर. आता काय, काचेवर बोट ठेवलं की झालं. पत्त्याला वासच नाही."

पडद्याच्या कोपऱ्यात खेळणाऱ्यांना काही लिहिता यायचं, आणि कोको ते मोठ्याने वाचून उत्तर द्यायची. कोणी लिहायचं, कोको, आज छान दिसतेस. ती म्हणायची, "धन्यवाद, मित्रा, तुझंही नशीब छान असो." एकाने विचारलं, लग्न झालंय का. ती म्हणाली, "माझं लग्न या पेटीशी झालंय." साव-कुन हसली, मग तिचं हसू ओसरलं. पेजेची वाटी घेऊन ती मोरीशी गेली.

"तू लिही ना काहीतरी," मी म्हटलं.

"काय लिहू? आणि डीलरच्या नात्यातलं माणूस टेबलावर सापडलं तर डीलरची नोकरी त्याच दिवशी जाते. आमच्याकडे तेच, तिच्याकडे तेच. ती दिसते आहे, तेवढं पुरे."

साडेसात झाले की कोको दोन्ही तळहात पुढे करून, उलटेसुलटे दाखवून, लपवलं काही नाही असं सांगून उठायची. साव-कुन फोन पालथा ठेवायची. 

जूनच्या बाराव्या तारखेला कोकोचा चेहरा उतरलेला दिसला. आवाज बसला होता. साव-कुन म्हणाली, "झोपली नाही." दहा-बारा डाव नीट गेले. मग प्लेयरकडे राजा आणि दुर्री आली, बँकरकडे दश्शी आणि तिर्री; राजा-दश्शी शून्य धरतात, म्हणजे बँकरचे तीन. प्लेयरचा तिसरा पत्ता उलटला, चौकटची अठ्ठी. कोकोचा हात पुन्हा पेटीकडे गेला.

"अगं!" साव-कुन म्हणाली.

कोकोने पत्ता ओढून बँकरपुढे ठेवला. तोवर साव-कुनचा अंगठा फोनवर चालत होता. मला वाटलं ती पैसे लावते आहे. पडद्याच्या कोपऱ्यात ओळ उमटली, "अठ्ठी आली, तीनने गप्प बसायचं."

कोकोने सवयीने ती वाचायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिने हात वर केला. चित्राबाहेरून एका बाईचा आवाज आला, कोणीतरी पत्ता काढून घेतला, डाव रद्द झाला. उरलेली सात मिनिटं कोकोने एकही चूक न करता पत्ते वाटले. त्या सात मिनिटांत लोकांनी लिहिलेलं तिने काही वाचलं नाही.

"काय केलंस हे?" मी विचारलं.

साव-कुन स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती. "चूक झाली होती टेबलावर. एकोणतीस वर्षं, आचे. टेबलावर चूक दिसली की तोंडातून निघतंच. ती माझी मुलगी आहे हे मला नंतर आठवलं."

दुसऱ्या दिवशी सातला टेबलावर दुसरीच मुलगी होती. तिसऱ्या दिवशीही. साव-कुन एकामागून एक टेबलं उघडून बघत होती. तिची पेज उतू गेली. चौथ्या दिवशी फोन वाजला. पडद्यावर परदेशी नंबर होता. घाईत आवाज मोठा करण्याचं बटण तिच्याकडून दाबलं गेलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मी उठायला लागले तर तिने माझी बाही धरून ठेवली.

"आई."

"जेवलीस का?"

"झालं. ऐक. आता तू येऊ नकोस."

"कुठे? मी कुठे येते?"

"आई, नाटकं नकोत. माझ्याबरोबर टेबलावर येतं आणि माझ्याबरोबरच उठतं, असं खातं दुसऱ्या कोणाचं असणार? मला पहिल्याच आठवड्यात कळलं."

साव-कुनने माझ्याकडे पाहिलं. "मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार कॅमेऱ्यासमोर? हसत होते ना मी."

"ते सगळ्यांसाठी होतं."

"हो. सगळ्यांसाठीच." मग लगेच, "त्यांनी मला विचारलं, हे लिहिणारं कोण. मी म्हटलं, माहीत नाही. तीन दिवस बसवून ठेवलं मला. उद्यापासून परत घेतलंय, दुसऱ्या टेबलावर. पुन्हा ते खातं माझ्या टेबलावर दिसलं तर ते शोधून काढतील."

"नाही दिसणार."

"शब्द दे."

"दिला." मग साव-कुनला राहवलं नाही. "पण पत्ता ओढताना डोकं कुठे होतं तुझं?"

"आई!"

"बरं, बरं."

"ताप होता अंगात."

"औषध घेतलंस?"

"घेतलं."

"ची-येंग, त्या दिवशी मला वाटलं मोज्यांचाच निरोप असेल. मला खरंच वाटलं..."

"आज नको, आई."

"बरं. आज नको."

फोन ठेवल्यावर साव-कुनने मला ते खातं बंद करून द्यायला सांगितलं. त्या पानावर सगळं इंग्रजीत होतं, तिला वाचता येत नव्हतं. खातं बंद करायचं का, असं त्यात तीन वेळा विचारलं. मी तीन वेळा हो म्हटलं.

आठवड्याने ती वर आली. चपला बाहेर काढून, शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिली. "आचे, तुम्ही तिच्या कोणी लागत नाही. तुमच्या नावाने खातं काढलं तर कोणाला आक्षेप नाही. तुम्ही नुसतं बघा. मला सांगायचं, बस."

त्या रात्री मला झोप आली नाही. सिस्टरांची धास्ती आता या वयात फारशी उरलेली नाही. अडचण दुसरीच होती. माझा नवरा आमेरिको जाऊन अकरा वर्षं झाली, आणि या तीन महिन्यांत पहिल्यांदा सकाळी कोणीतरी माझी वाट बघत होतं. ते टिकावं म्हणून मी काहीही कबूल केलं असतं, हे मला कळत होतं. आणि मला हेही कळत होतं की मुलीने दोन वर्षांत आईकडे एकच गोष्ट मागितली आहे.

सकाळी मी खाली जाऊन म्हटलं, "नाही."

"एकदा तरी?"

"एकदाही नाही. शब्द तू दिलास. मागच्या दाराने मी कशी जाऊ?"

ती माझ्यावर पाच दिवस रुसली. दार उघडायची, पण पाव घेऊन दार लावून घ्यायची. सहाव्या दिवशी तिने दार उघडलंच नाही, कारण ती घरी नव्हती. साहेबाला सांगून तिने सकाळची पाळी मागून घेतली होती. या वयात कोणी ती मागत नाही, पहाटे साडेचारला उठावं लागतं. साहेबाने कारण विचारलं, तर म्हणाली, सकाळी घरात करमत नाही.

आता सात वाजता ती स्वतः टेबलाशी उभी असते. मी पाव एकच आणते. ती दुपारी येते, पाय कोमट पाण्यात सोडून बसते, मी खिम्याची मिंची गरम करते आणि आम्ही जेवतो. फोन दोन ताटल्यांच्या मध्ये असतो, उताणा. जूननंतर मनिलाहून दोनदा फोन आला. पहिला दीड मिनिटाचा. दुसरा, मागच्या गुरुवारचा, सव्वाचार मिनिटांचा होता. त्यात ची-येंगने विचारलं की बाबांना आवडायची ती पेज आई कशी करायची, तांदूळ आधी भिजवायचे का. साव-कुनने सांगितलं, अर्धा तास भिजवायचे, तेलाचे दोन थेंब टाकून. त्यानंतरही फोन लगेच कोणी ठेवला नाही.