माझ्याच पाळीत बंद पडणारा डिस्क ड्राइव्ह

"सही करा, मिस गायकवाड. नुसतं खुलासापत्र आहे." नाडगौडा साहेबांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला.

मी वाचलं. डिस्क पॅक हाताळताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला आणि त्यामुळे ड्राइव्ह बिघडला, असं त्यात माझ्याच तोंडी घातलं होतं.

"साहेब, हे मी लिहिलेलं नाही. आणि असं झालेलंही नाही."

"मग ड्राइव्ह तुमच्याच शिफ्टला का बंद पडतो? संध्याकाळी कुलकर्णी असतो तेव्हा एकदाही पडलेला नाही."

कागद मी तसाच परत सरकवला.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. चिंचवडच्या पुढे आमची गिअर बनवणारी कंपनी होती. मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर, प्रोबेशनवर. वडील पिंपरीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर. साच्यात वाळू ठोकून त्यांची बोटं वाकडी झाली होती. एसी लावलेल्या खोलीत बसून काम करणारी आमच्या घरातली मी पहिलीच. नाडगौडा साहेब कॉम्प्युटर विभागाचे मॅनेजर. मला कायम करायचं की नाही, ते त्यांच्या हातात होतं.

तेव्हाचा डिस्क ड्राइव्ह कपडे धुण्याच्या मशीनएवढा. त्यात वरून डिस्क पॅक बसवायचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या तबकड्या. तबकड्या गरगर फिरतात आणि त्यांना न टेकता, केसाहूनही कमी अंतरावर हेड तरंगतं. तेच लिहितं, तेच वाचतं. पॅक आपटला किंवा धूळ गेली तर हेड तबकडीवर घासतं आणि माहिती कायमची जाते. म्हणून ऑपरेटरवर आळ घेणं सोपं.

आमचा ड्राइव्ह मात्र वेगळंच करायचा. चालता चालता खटकन आवाज, लाल दिवा, हेड मागे. कॉम्प्युटर डिस्कची वाट बघत जागीच थिजायचा. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागे. रोज दुपारी असेंब्लीला पार्टची यादी जायची ती अडायची, आणि स्टोअर्सचे लोक खाली उभे राहून आमच्या नावानं ओरडायचे.

मशीन पुरवणाऱ्या कंपनीचे सर्व्हिस इंजिनिअर फाटक दोनदा येऊन गेले. हेड तपासलं, केबल बदलली. शेवटी म्हणाले, "ड्राइव्हच गेला असावा. नवा परदेशातून येईल, सहा महिने धरा." सहा महिन्यांचं कारण वरच्यांना सांगायचं तर दोषी कुणीतरी हवा होता. त्यातून ते पत्र.

घरी सांगितलं तर वडील घाबरले. "कर सही, बाई. साहेबाशी वाकडं कशाला? नोकरी तर राहील."

"सही केली तर नोकरी राहील, अप्पा, पण मी जन्मभर पॅक आपटणारी बाई म्हणून राहीन."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे मागणी केली, "कुलकर्णींना सकाळी बसवा. मी मशीनला हात लावत नाही, बाजूला उभी राहते."

"तुम्ही मला विभाग चालवायला शिकवणार?" विषय संपला.

मग मी माझ्या हातात होतं ते केलं. आमच्याकडे दोन ड्राइव्ह होते, दुसरा एरवी फक्त आठवड्याच्या नकला काढायला चालू करायचो. मी पॅक उचलून दुसऱ्यावर बसवला आणि काम तिकडे चालवलं. तिसऱ्या दिवशी तोही खटकन बंद. दोन ड्राइव्ह एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं बिघडत नाहीत. आणि पॅक मी आपटला असता तर तो संध्याकाळीही रडला असता. म्हणजे दोष ड्राइव्हमध्ये नव्हता आणि पॅकमध्येही नव्हता.

लॉगबुकात आम्ही फक्त बंद पडल्याची वेळ लिहायचो. मी जास्तीचं लिहायला लागले. पॅनलवरच्या व्होल्टमीटरचा काटा कुठे होता, खोलीत कोण होतं, बाहेर काय चालू होतं. दोन आठवड्यांनी पानं चाळली. दुपारी काटा आधीच खाली असला की त्रास जास्त. आणि मधले दोन दिवस पूर्ण कोरे, एकदाही बंद नाही. ते दोन दिवस नाडगौडा साहेब मुंबईला गेले होते.

हसू आलं आणि भीतीही वाटली. साहेबांचा ड्राइव्हशी काय संबंध? तेवढ्यात प्लायवूडच्या भिंतीपलीकडून घर्रर्र आवाज आला. साहेबांच्या नव्या केबिनचा एसी, ते संध्याकाळी घरी गेले की बंद असणारा. मीटरचा काटा झुकला आणि परत वर आला.

मी खाली जाऊन इलेक्ट्रिशियन काळभोरांना गाठलं. आकुर्डीचे, जुन्या शेतकरी घरातले, तोंडानं फटकळ.

"काळभोर भाऊ, साहेबांच्या एसीची लाइन कुठनं घेतलीय?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तुमच्या कॉम्प्युटरच्या पॅनलातनं. आमी नको म्हनलं व्हतं. साहेब म्हनले, मी सांगतोय ना, टाका."

"हे चार लोकांसमोर सांगाल?"

"इचारलं तर सांगीन. खोटं न्हाई बोलायचो."

एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढतो. व्होल्टेज खाली येतं. ड्राइव्हला वाटतं वीज चालली, म्हणून तो स्वतःला वाचवायला हेड मागे घेतो. तो बिघडला नव्हता. आपलं काम चोख करत होता.

फाटक तिसऱ्यांदा आले त्या दुपारी नाडगौडांच्याही वरचे वर्क्स मॅनेजर हजर होते. नाडगौडांनी पत्राचा विषय काढताच मी म्हटलं, "सर, सहीआधी दहा मिनिटं द्या. फाटक साहेब, ड्राइव्हच्या मागं मीटर लावा."

आणि कुणी काही म्हणायच्या आत मी नाडगौडांच्या केबिनमध्ये शिरले. आयुष्यात पहिल्यांदा, न विचारता. एसी बंद केला, कॉम्प्रेसर पुरता थांबावा म्हणून तीन मिनिटं थांबले, बटण दाबलं. काही झालं नाही. बाहेर नाडगौडा हसल्याचं ऐकू आलं. पुन्हा बंद, पुन्हा तीन मिनिटं, पुन्हा चालू.

खटक!

"पडला! व्होल्टेज सरळ खाली गेलं," फाटक ओरडले.

वर्क्स मॅनेजरांनी काळभोरांना बोलावलं. त्यांनी मला सांगितलं होतं तेच, तसंच सांगितलं. त्याच संध्याकाळी एसीची लाइन तोडली. ड्राइव्ह पुढं कित्येक वर्षं चालला.

नाडगौडांनी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मऊ आवाजात म्हणाले, "लॉगबुकात लिहा, बाहेरची वीज कमी येत होती. उगाच सगळं कशाला?"

मी त्यांच्यासमोरच लिहिलं : 'मॅनेजरच्या केबिनचा एसी कॉम्प्युटरच्या लाइनवर होता. काढल्यावर दोष गेला.' खाली नाव, तारीख आणि माझी सही.

माझं प्रोबेशन आणखी तीन महिने वाढवलं. कारण दिलं नाही, मी विचारलंही नाही. चौथ्या महिन्यात कायम केलं, कारण दिवसपाळीला बसणारं दुसरं कुणी नव्हतं.

पुढं मी अनेक ऑपरेटर तयार केले. त्यांना मशीनबद्दल बरंच सांगितलं, त्यातलं निम्मं आता जुनं झालं. एकच गोष्ट अजून लागू आहे. लॉगबुक शाईनं लिहावं. पेन्सिलीनं लिहिलेलं साहेबाला खोडता येतं.