तुमच्या घरी कोन्ता देश हाय?

मी वाशीमच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. स्वीडन आणि जपानमधल्या स्त्रियांच्या स्थानाची तुलना हा माझ्या पीएचडीचा विषय. दोन्ही देश मी फक्त नकाशात पाहिलेत. पण बोलायला उभा राहिलो की तिथूनच कालच्या गाडीनं आल्यासारखा बोलतो.

दोन वर्षांपूर्वी शेलूबाजारजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांचं शिबिर होतं. सोयाबीनची सोंगणी सोडून आलेल्या बाया समोर बसल्या होत्या. मी रंगात आलो. स्वीडनमध्ये बापही मूल सांभाळायला रजा घेतो, संसदेत जवळपास निम्म्या बायका. जपान यंत्रांत पुढे, पण तिथल्या कितीतरी शिकलेल्या बायका मूल झालं की नोकरी सोडतात.

पुढच्या रांगेतली एक सदस्य उठली. मजुरी करणारी, नुकतीच निवडून आलेली.

"सर, तुमच्या घरी कोन्ता देश हाय?"

मी हसलो. "म्हणजे?"

"मॅडम काय करतात?"

"आधी शिक्षिका होत्या. मग मुलगी झाली, आणि..."

"मंग जपानच झालं ना सर!"

सगळा मांडव हसला. मी दोनदा पाणी प्यायलो आणि "प्रश्न चांगला आहे" म्हणालो. उत्तर येत नसलं की वर्गातही मी हेच म्हणतो.

घरी येऊन बायकोला हा किस्सा सांगितला. वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती मेथी निवडत होती.

"तुमच्या पीएचडीतलं स्वीडनचं प्रकरण मीच टाइप केलं होतं," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमी ते वाचलं असन."

पुढच्या आठवड्यात तिनं एका शाळेत अर्ज टाकला. मला विचारलं नाही, सांगितलं. त्यानंतरच्या जूनपासून ती सकाळच्या एसटीनं जाते. डबा मी करतो. सुरुवातीला माझ्या पोळ्या पाहून तिच्या शाळेतल्या बाया तिला आपल्या डब्यातलं द्यायच्या.

परवा पाहुणे आले होते. मी ऐटीत म्हणालो, "मी हिला स्वयंपाकात मदत करतो."

"मदत कायची?" ती म्हणाली. "तुमी जेवत नाई का?"

पाहुणे ताटात पाहून हसू दाबत होते. भाजीत मी मीठच टाकलं नव्हतं, पण त्याबद्दल बिचारे काही बोलले नाहीत.