नंबर लागलेलं पुस्तक

काल वाचनालयाच्या पायरीवर पाच-सहा बाया एका पुस्तकासाठी थांबलेल्या दिसल्या आणि मी हातातली पिशवी घट्ट धरली. टीव्हीवरच्या कुठल्या नटीनं म्हणे मोबाईलवर वाचनाचं मंडळ काढलंय. दर महिन्याला ती एक जुनं पुस्तक सांगते आणि लोक वाचतात. चांगलंच आहे. पण या महिन्यात तिनं सांगितलेली जाडजूड कादंबरी माझ्या पिशवीत होती.

माझी बायको ती मला मोठ्यानं वाचून दाखवायची. मी चौथी शिकलेला, अक्षरं जोडता जोडता दमतो. पुस्तक अर्ध्यावर आलं आणि ती गेली. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी त्यावर नवी तारीख मारून घेतो. दुसऱ्या कुणी मागितलं नाही तर तसं चालतं, आणि तीन वर्षं कुणी मागितलं नव्हतं. पानांवर तिच्या हळदीच्या बोटांचे डाग आहेत.

"काका, आता नाही हं. नंबर लागलेत," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

पहिला नंबर भाजीवाल्या शेवंताबाईचा. पुस्तक हातात तोलून ती घाबरलीच. "एवढं मोठं? मला झेपंल का ओ?"

"मोठ्यानं वाच. झेपतं," मी म्हणालो.

"मग या की ऐकायला. दारात बसून वाचीन."

जावंसं वाटतं. पुढं काय झालं ते मलाही कळायचंय. पण गोष्टीतली तीच माणसं शेवंताबाईच्या तोंडून बोलायला लागली, तर बायकोचा आवाज माझ्या कानात राहील का, याची भीती वाटते.