तिघांतून सारखंच कापलं

सासऱ्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि फरशीचं काम सूनबाईच्या गळ्यात पडलं. आजवर ती त्यांच्या हाताखाली माल कालवायची. आता मुकादमाने एक स्वयंपाकघर तिला लावायला दिलं होतं, तेही तोंड वाकडं करून. फरशी सरळ आली तर पुढची कामं, नाहीतर पुन्हा डोक्यावर घमेलं.

टेप सासऱ्यांचा. टोक तुटलेलं, म्हणून दहा सेंटीमीटरच्या खुणेपासून मोजायचं. कोपरा काटकोनात यायला एका भिंतीवर नव्वद, दुसरीवर एकशेवीस आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर दीडशे, हे तिला पाठ होतं. टेपवरचे आकडे तिने तसेच धरले. दहा वाढवायच्या भानगडीत ती पडलीच नाही. तिघांतून सारखंच कापलं जातंय, मग रुसेल कोण?

दोरी बांधून तिने फरश्या कोरड्याच मांडून पाहिल्या. दारापर्यंत येईतो भिंतीकडची फट वीतभर रुंदावली. दुपारी सासरे लंगडत तिचा डबा घेऊन आले, तेव्हा ती भिंतीलाच शिव्या घालत होती.

"टेप कुठून धरलास?"

"दहापासून, बाबा."

"आणि दहा वाढवलेस?"

"तिन्हीकडं सारखेच कमी झाले ना, मग काय बिघडलं?"

ते ओरडले नाहीत. उपड्या घमेल्यावर बसले आणि फरशीचे छोटे चौकोनी तुकडे तिच्यापुढे सरकवले. त्यांच्या सांगण्यावरून तिने तीन-तीनच्या तीन ओळी लावल्या, शेजारी चार-चारच्या चार.

"नव्वद, एकशेवीस, दीडशे म्हणजे तिसाच्या पटीत तीन, चार, पाचच. आता दोन्ही मोडून पाचाचा चौकोन कर."

झाला. एक तुकडा उरला नाही, एक कमी पडला नाही.

"आता तिन्हीतून एकेक काढ. दोन, तीन, चार."

दोनाचा आणि तिनाचा चौकोन मोडला, तरी चाराचा भरेना. तीन घरं रिकामीच राहिली. सूनबाईने ती घरं पुन्हा मोजली. जुळायचे असतात ते बाजूंवरचे चौकोन, आणि सारखं कापलं की ते जुळत नाहीत. पाठ केलेलं आज कुठे डोक्यात शिरलं.

"तुम्हाला हे कुणी समजावलं?"

"कुणी नाही. चुकलं की आमचा मिस्त्री थापी फेकून मारायचा. गुडघे धरून घरी बसलो, तेव्हा तुकडे मांडत बसायचो."

तिने प्रत्येक मापात दहा वाढवून दोरी नव्याने बांधली आणि फरश्या लावल्या. संध्याकाळी मुकादमाने काटकोन तपासायचा गुण्या कोपऱ्यात लावून पाहिला. तो चपखल बसला.

"मामा, तुम्ही हात लावला असणार."

"मला वाकता तरी येतं का? काम तिचं आहे."

मुकादमाने तिला पुढचं न्हाणीघर सांगितलं आणि तो गेला. तिच्या चुकीबद्दल सासऱ्यांनी त्याच्यापुढे चकार शब्द काढला नव्हता. हे उपकार ती जन्मात विसरणार नव्हती.

"बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "उद्या नाही आलात तरी चालेल. पण या."